डाउनटनचा वाडा आणि चोवीस हिस्से

'डाउनटन ॲबी' ही इंग्रजी मालिका इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१५ च्या नाताळात संपली. सहा पर्वे, ५२ भाग. त्यानंतर २०१९, २०२२ आणि २०२५ साली त्याच घराण्यावर तीन चित्रपट निघाले. इंग्रज उमरावांच्या मेजवान्या, चांदीची भांडी आणि घोड्यावरून होणारी कोल्ह्याची शिकार यांच्याशी आपले काय देणेघेणे, असे कुणी विचारील. वरवर पाहिले तर काहीच नाही. पण दागदागिन्यांचा लखलखाट बाजूला सारला की या मालिकेच्या, निदान तिच्या पहिल्या पर्वाच्या, मुळाशी एकच प्रश्न सापडतो: बापाच्या मागे मुलीला काय मिळते? हा प्रश्न आपल्याकडे मशिदीतल्या वाजापासून तलाठ्याच्या कचेरीपर्यंत सर्वत्र वावरत असतो. म्हणून या मालिकेकडे त्या बाजूने पाहावे असे आम्हांस वाटले.

पहिल्या पर्वाचा काळ एप्रिल १९१२ ते ऑगस्ट १९१४ असा आहे; म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीची जेमतेम सव्वादोन वर्षे. आमचे विवेचन मुख्यतः या पर्वाच्या सात भागांपुरते आहे. पुढच्या पर्वांचा आधार गरजेपुरताच घेतला आहे.

तारेने आलेली बातमी

मालिकेची सुरुवात एका तारेने होते. 'टायटॅनिक' जहाज बुडाले आणि त्यात डाउनटनचा वारस व त्याचा मुलगा पॅट्रिक असे दोघेही गेले. ही बातमी वाड्यात कशी पसरते ते पाहण्यासारखे आहे. मालकांच्या हाती देण्याआधी वर्तमानपत्राला इस्त्री करण्याची तिथे रीत आहे; त्यामुळे बातमी आधी नोकरांना कळते आणि मग मालकांना. हा एवढासा तपशील त्या घराची सारी रचना सांगून जातो.

वाड्याचे मालक रॉबर्ट क्रॉली, म्हणजे ग्रँथमचे अर्ल, यांना मुलगा नाही. मेरी, एडिथ आणि सिबिल या तीन मुली आहेत. जहागीर, वाडा आणि किताब या तिन्ही गोष्टी पुरुष वारसाकडेच जाव्यात अशी कायदेशीर बांधणी पूर्वजांनी करून ठेवलेली आहे. पॅट्रिकशी मेरीचे लग्न ठरल्यासारखेच होते, म्हणजे लग्नाच्या वाटेने का होईना वाडा मुलीच्या हाती राहिला असता. आता ती वाटही बंद झाली. शोध घेतल्यावर नवा वारस सापडतो तो मँचेस्टरमधला एक तरुण वकील, मॅथ्यू क्रॉली. नाते दूरच्या चुलतांपैकी. त्याने हा वाडा कधी पाहिलेलाही नाही.

याहून कडू गोष्ट पुढे आहे. रॉबर्टची पत्नी कोरा ही अमेरिकेतल्या एका धनवान व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या पैशावरच ही जहागीर तगली. परंतु लग्नाच्या वेळी सासऱ्याने केलेल्या करारामुळे तिचा पैसाही जहागिरीत कायमचा अडकला. त्यामुळे आईचे स्वतःचे धनसुद्धा मुलींना न मिळता मॅथ्यूला मिळणार. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावे ठेवता येईल असा कायदा इंग्लंडमध्ये १८८२ साली झाला होता. पण एका सहीने तो हक्क हातचा जातो, हे कोराच्या उदाहरणावरून कळते. सहीने हक्क जाण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांना नवा वाटू नये.

कारभारी की मालक?

लेखक ज्युलियन फेलोज यांचे कौशल्य असे की ते रॉबर्टला खलनायक होऊ देत नाहीत. ह्यू बॉनव्हिल या नटाने हा गृहस्थ सभ्य, हळवा आणि प्रामाणिक रंगवला आहे. मेरी त्याला सरळ विचारते की माझ्यासाठी तुम्ही लढणार नाही का? त्याचे म्हणणे असे की हे सारे मी मिळवलेले असते तर बिनतक्रार तुला दिले असते. पण हे पूर्वजांचे आहे, मी फक्त राखणदार आहे. वाडा तुटला तर त्यावर जगणारी कुळे, नोकर, गावचे दवाखाने यांचे काय होईल, ही त्याची चिंता खोटी नाही. जमिनीचे तुकडे पडत गेले की शेती परवडत नाही, हे आपल्याकडेही सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठीच मुंबई राज्यात १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. तेव्हा रॉबर्टचा युक्तिवाद थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

मात्र मालिका एक गोष्ट सांगत नाही. इंग्लंडमधली ही बांधणी आकाशातून पडलेली नव्हती. बहुतेक घराण्यांत मुलगा वयात आला की बाप आणि मुलगा एकत्र बसून जुने बंधन सोडवीत आणि पुढच्या पिढीसाठी नवे बांधीत. ज्याला परंपरा म्हटले जाते ती दर पिढीला वकिलासमोर नव्याने लिहिली जात होती. मुलींना वगळण्याचा निर्णय प्रत्येक वेळी कुणीतरी जिवंत माणूस घेत होता. रॉबर्टच्या तोंडी राखणदाराची भाषा ऐकताना हे विसरता कामा नये.

सासू व्हायलेट आणि सून कोरा यांचे एरवी पटत नाही, पण या प्रश्नावर त्या एक होतात. मॅगी स्मिथ या थोर अभिनेत्रीने (त्या सप्टेंबर २०२४ मध्ये वारल्या) व्हायलेटची भूमिका अजरामर केली आहे. वीज, टेलिफोन, फिरती खुर्ची या सगळ्यांची जिला दहशत वाटते, तीच जुन्या वळणाची म्हातारी नातीच्या हक्कासाठी कायदा मोडायला निघते. कायद्यातून वाट काढण्याचे काम ती कुणाला सांगते? खुद्द मॅथ्यूला, कारण तो वकील आहे. तोही बिचारा प्रामाणिकपणे पोथ्या चाळून सांगतो की वाट नाही. ज्याचा फायदा व्हायचा त्यालाच न्यायासाठी विनवावे लागते, ही या पर्वातली सर्वांत सुंदर आणि सर्वांत बोचरी जागा आहे.

फराइजचा हिशेब

आम्ही पेशाने शिक्षक. उर्दू शाळेत ज्याला कसर म्हणतात ते अपूर्णांक फळ्यावर लिहिता-लिहिता हात असा सरावला आहे की कुठे वाटणीचा प्रश्न दिसला की हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा, हे कुटुंब इस्लामी वारसा कायद्याखाली असते आणि रॉबर्टचा मृत्यू झाला असता, तर काय झाले असते?

मागे राहिले कोण? आई व्हायलेट, पत्नी कोरा, तीन मुली, सख्खी बहीण रोझामंड आणि दूरचा चुलत मॅथ्यू. कफन-दफन, कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसियत बाजूला काढल्यावर जे उरेल त्याचे चोवीस हिस्से करावेत. पत्नीला अष्टमांश, म्हणजे तीन. आईला षष्ठांश, म्हणजे चार. मुलगा नाही आणि मुली दोनांहून अधिक, म्हणून त्यांना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे सोळा. तीन, चार आणि सोळा मिळून तेवीस झाले. उरलेला एक हिस्सा कुणाचा? मुलींच्या जोडीला सख्खी बहीण असली की ती असबा होते, आणि उरलेले तिच्याकडे जाते. म्हणजे चोविसावा हिस्सा रोझामंडचा. मॅथ्यूच्या हाती काही नाही.

गंमत पाहा. एका कायद्यात ज्याला सगळे, त्याला दुसऱ्यात शून्य. चोवीसपैकी चोवीस हिस्से स्त्रियांच्या हाती. शिवाय कोराचा माहेरचा पैसा या हिशेबात धरलेलाच नाही, कारण तो तिचा स्वतःचा. नवऱ्याच्या मालमत्तेत तो मिसळत नाही.

मुलगा असता तर त्याला दोन आणि प्रत्येक मुलीला एक असे प्रमाण झाले असते. या प्रमाणावर आपल्याकडे विचारवंतांचे मतभेद आहेत आणि चर्चा चालू राहावी असे आम्हांसही वाटते. तूर्त आमचा मुद्दा एवढाच की मुलगी ही आपल्या कायद्यात मूळची वारस आहे. तिला भाऊ, नवरा किंवा दीर यांच्यामार्फत वारस व्हावे लागत नाही.

हा हिशेब मांडून आम्हांस 'पाहा, आपण किती पुढे होतो' अशी फुशारकी मारायची नाही. त्या फुशारकीचे काय होते ते पुढे पाहू.

कमाल बे

आपल्या वाचकांना या मालिकेत आणखी एका कारणाने रस वाटेल. पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागात एक तुर्की पाहुणा येतो: कमाल पामुक. काळ मार्च १९१३. हा देखणा तरुण तुर्की वकिलातीत आहे आणि अल्बानियाच्या वाटाघाटींसाठी इंग्लंडला आला आहे. शिकारीच्या निमित्ताने तो डाउनटनला मुक्काम करतो. रात्री बोलावणे नसताना मेरीच्या खोलीत शिरतो. ती विरोध करते, तेव्हा तिला सुचवतो की तू ओरडलीस तरी अब्रू तुझीच जाणार. आणि त्याच रात्री, त्याच खोलीत, तो एकाएकी मरतो. मेरी, तिची आई आणि दासी ॲना या तिघी अंधारात त्याचा देह उचलून त्याच्या खोलीत नेऊन ठेवतात.

प्रथम एक ढोबळ चूक. १९१३ साली कुणी तुर्क असा 'मिस्टर पामुक' नसता. तुर्कस्तानात आडनावे सक्तीची झाली ती १९३४ च्या कायद्याने. तोपर्यंत या तरुणाला लोक 'कमाल बे' म्हणाले असते. पामुक म्हणजे तुर्की भाषेत कापूस. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या ओरहान पामुक यांच्यामुळे हे आडनाव इंग्रजांच्या कानावर होते, तेच उचलून या पात्राला चिकटवलेले दिसते. पात्र किती वरवर उभे केले आहे त्याची ही खूण.

त्या हिवाळ्यात तुर्कस्तानचे नाव निघाले की हिंदी मुसलमानांचे काळीज हलत होते. बाल्कन युद्धात उस्मानी फौजा हरत होत्या. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईहून निघून तुर्की जखमींच्या सेवेला गेले होते. डाउनटनच्या वाड्यात मात्र या साऱ्याचा वारा नाही. तिथे तुर्क म्हणजे एक सुंदर चेहरा आणि मग एक अडचणीचे प्रेत. त्याच्यासाठी जनाजाची नमाज झाली का, दफन कुठे झाले, घरी कुणी रडले का, हे मालिका दाखवत नाही. लंडनजवळ वोकिंग येथे मशीद तर १८८९ पासून उभी होती, आणि ती भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या देणगीतून झालेली होती. त्या बेगम स्वतःच्या हक्काने राज्य करीत होत्या. त्यांच्या कन्या सुलतानजहान बेगम १९११ साली पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला बुरख्यानिशी लंडनला हजर होत्या. अर्लची मुलगी बापाच्या वाड्याची धनी होऊ शकत नव्हती त्या लंडनमध्ये एक मुसलमान राज्यकर्ती पाहुणी म्हणून वावरून गेली, आणि त्यानंतर वर्षाच्या आत मालिकेची कथा सुरू होते.

पण या प्रसंगाचा वारसाहक्काशी काय संबंध? आमच्या मते सगळाच संबंध आहे. मेरीला बापाकडून मालमत्ता मिळाली असती तर एका रात्रीच्या गोष्टीला तिच्या आयुष्यात एवढे वजन आले नसते. जमीन नाही, पैसा नाही, म्हणून तिच्याकडे एकच भांडवल उरते: तिची अब्रू. ती गेली तर चांगला नवरा मिळणार नाही, आणि नवरा मिळाला नाही तर घर मिळणार नाही. म्हणून तिघी बायकांना मध्यरात्री प्रेत उचलावे लागते. म्हणूनच पुढे एडिथ बहिणीवरच्या रागाने तुर्की वकिलातीला पत्र लिहून हे गुपित फोडते. दोघी बहिणींना लग्नाच्या बाजारात एकमेकींची स्पर्धा करावी लागते. मुलीच्या इज्जतीवर फार बोलणाऱ्या समाजात तिच्या हिश्श्यावर फार थोडे का बोलले जाते, याचे उत्तर या भागात आहे.

जाता जाता आणखी एक. याच्या पुढच्याच भागात धाकटी सिबिल जेवणाच्या वेळी पौर्वात्य धर्तीची शलवार घालून दिवाणखान्यात येते आणि घरातली माणसे थक्क होऊन पाहत राहतात. ज्या शलवारीला आपल्याकडे मर्यादेचा पोशाख समजतात ती तिथे बंडाचे निशाण ठरते. तुर्काला त्या घरात आठवणीपुरतीही जागा मिळाली नाही. त्याची शलवार मात्र वाजतगाजत आली.

खालचा मजला

वाड्याचे चित्रण हँपशायरमधल्या हायक्लेअर या खऱ्या प्रासादात झाले आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटची इमारत उभारणाऱ्या चार्ल्स बॅरी यांनीच तो घडवला. नोकरांचे स्वयंपाकघर, जिने आणि खोल्या मात्र लंडनमधल्या ईलिंग स्टुडिओत उभारल्या होत्या. मालकांचे जग खरे आणि नोकरांचे बनावट, असे म्हणण्याचा मोह होतो, पण कलेच्या दृष्टीने उलटेच घडले आहे. वरच्या मजल्यावरची माणसे कधी कधी पुतळ्यांसारखी वाटतात. खालची खरी वाटतात. पहाटे अंधारात उठून चुली पेटवणारी डेझी, लंगडा बेट्स, ताठ कण्याचा बटलर कार्सन. वाड्यावर मालकापेक्षा कार्सनची श्रद्धा अधिक आहे. ज्याच्या नावावर एक वीटही नाही तोच त्या विटांचा सर्वांत मोठा अभिमानी. असे कार्सन आपल्या नवाबी खानदानांच्या देवडीवरही होऊन गेले आहेत.

या सगळ्यांत आम्हांला सर्वांत आवडलेले पात्र ग्वेन ही दासी. शेतमजुराची मुलगी. पगारातून पैसे साठवून ती टंकलेखन यंत्र घेते आणि चोरून शिकते, कारण तिला सेक्रेटरी व्हायचे आहे. हे उघडकीस येते तेव्हा खालच्या मजल्यावर गहजब होतो. जणू तिने चोरीच केली. सिबिल तिला मदत करते आणि पर्वाच्या शेवटी टेलिफोन कंपनीत ग्वेनला नोकरी मिळते. या सात भागांत एकच स्त्री अशी आहे जी लग्नावाचून किंवा कुणाच्या मृत्यूवाचून आपल्या पायांवर उभी राहते, आणि ती अर्लची मुलगी नाही. दहावीनंतर पुढे शिकू पाहणाऱ्या मुली आम्ही रोज वर्गात पाहतो. त्यांना दाखवावे असे पात्र या मालिकेत एकच असेल तर ते ग्वेन.

मालिका कुठे निसटते

इतका मोठा प्रश्न उभा करून लेखक त्याचे करतो काय? इथे आमची तक्रार सुरू होते.

पर्वाच्या शेवटाकडे कोराला पुन्हा दिवस जातात. मुलगा होईल या आशेने घरातला प्रत्येक चेहरा बदलतो. तीन धडधाकट मुली समोर असताना न जन्मलेल्या मुलाभोवती सारे घर फिरू लागते. मग ओब्रायन ही दासी नोकरी जाण्याच्या धास्तीने न्हाणीघरात साबणाची वडी मुद्दाम पायाखाली ठेवते, कोरा घसरते आणि गर्भ जातो. तो मुलगाच होता. प्रसंग हेलावून टाकतो. परंतु विचार केल्यावर लक्षात येते की इथे लेखकाने कायद्याचा दोष हळूच एका दासीच्या दुष्टपणावर ढकलला. आता प्रेक्षक चिडतात ते ओब्रायनवर. मुलींना वगळणाऱ्या पूर्वजांच्या दस्तऐवजावर कुणी चिडत नाही.

पुढच्या पर्वांत मेरी आणि मॅथ्यू यांचे लग्न होते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात. प्रश्न सुटला असे वाटते, पण तो फक्त झाकला गेला. मधल्या काळात स्वतःला राखणदार म्हणवणारा रॉबर्ट बायकोचा सारा पैसा कॅनडातल्या ग्रँड ट्रंक रेल्वेत गुंतवून बुडवतो. ज्या पैशावर कोराचा अधिकार चालत नव्हता तो बुडवण्याचा अधिकार मात्र रॉबर्टला होता. नंतर मॅथ्यू अपघातात मरतो आणि त्याने आपला हिस्सा मेरीच्या नावे लिहून ठेवल्याचे पत्र सापडते. म्हणजे मेरीला डाउनटनचा अर्धा कारभार मिळतो तो विधवा म्हणून आणि तान्ह्या वारसाची आई म्हणून. मुलगी म्हणून तिला शेवटपर्यंत काही मिळत नाही. सहा पर्वांत हे शब्द कुणाच्या तोंडी स्पष्ट येत नाहीत.

लेखकाला हे दुखणे ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. त्यांच्या पत्नी एमा किचनर यांचे चुलते, तिसरे अर्ल किचनर, २०११ साली निपुत्रिक वारले आणि किताब संपला, कारण स्त्रीला तो मिळत नव्हता. फेलोज यांनी याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. पुढे २०१२ साली राणीने एमाबाईंना अर्लच्या मुलीचा दर्जा दिला. या घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे १८९८ मध्ये सुदानात ओमदुरमानची लढाई जिंकणारे आणि १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड किचनर. सुदानातल्या आणि आपल्या लोकांच्या वाट्याला त्या किताबाची कोणती बाजू आली हे वेगळे सांगायला नको. तरीही मुलीला वगळण्याचा अन्याय हा अन्यायच. फेलोज यांना तो घरात जाणवला, पण लिहिताना वाड्याच्या प्रेमाने त्यांच्यावर मात केली.

आपल्या दारात

आता त्या फुशारकीकडे येऊ. आपल्याकडे मुलीचा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वी ठरला, हे आपण सभासंमेलनांतून सांगतो. मग इतिहास पाहावा. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा समाजातल्या मुलींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. समाजातल्या पुरुषांची बाजू अशी की आमच्यात मुलींना न देण्याची रूढी आहे. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी रूढी मानली आणि मुली हरल्या. कुराणाविरुद्ध रूढीची साक्ष इंग्रजांनी दिलेली नव्हती, ती आपल्याच माणसांनी दिली होती. १८६९ च्या कायद्याने अवधच्या तालुकदारांत, मुसलमान तालुकदार धरून, एकाच वारसाकडे जहागीर जाण्याची इंग्रजी पद्धत पक्की झाली. तिथले अनेक वाडे डाउनटनचेच चुलत भाऊ होते.

कुटुंबासाठी वक्फ करून मालमत्ता एकत्र ठेवण्याची आपली जुनी सोय होती. ती १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने रद्द ठरवली. स्वतःच्याच वंशजांसाठी केलेले दान हे दान नव्हे, असा तर्क. ज्या देशात पूर्वजांचे दस्तऐवज पिढ्यान्‌पिढ्या जहागिरी बांधून ठेवत होते तिथून हा निकाल यावा, हे विचित्रच. महंमद अली जिना यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडलेल्या विधेयकाने हा वक्फ पुन्हा कायदेशीर झाला, तो मार्च १९१३ मध्ये. नेमक्या त्याच महिन्यात मालिकेतला कमाल बे डाउनटनला येतो. मात्र अशा वक्फनाम्यांतूनही काही ठिकाणी मुलींची नावे गळत, हेही नमूद केले पाहिजे. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढी बाजूला सारली खरी, पण शेतजमीन त्यातून वगळली. आणि आपल्याकडे मालमत्ता म्हणजे बहुधा शेतजमीनच.

आजचे चित्र वाचक जाणतात. बाप वारला की चाळिसाव्यानंतर भाऊ कागद घेऊन येतो. हक्कसोडपत्र. सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायची आहे, सही कर. बहीण सही करते, कारण न केली तर माहेर तुटेल. 'तिला लग्नात दिले की' असे म्हटले जाते. जहेज देणारा बाप मुलीला हिस्सा देत नव्हता, तिच्या सासरला किंमत मोजत होता, हे कुणी बोलत नाही. मोठ्या मनाने सही केली म्हणून तिचे कौतुक होते. भावाला मोठे मन दाखवण्याची पाळी सहसा येत नाही. डाउनटनमध्ये मुलीला कायदा आडवा आला. आपल्याकडे कायदा तिच्या बाजूने असून माया आडवी येते. दोन्हीकडे शेवट एकच.

एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' हा १९७३ चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना आग्ऱ्यातली ती हवेली आठवेल. हवेली थोरल्या भावाच्या नावावर. तो पाकिस्तानात निघून जातो आणि त्या एका नावापायी सलीम मिर्झांचे सारे कुटुंब, म्हाताऱ्या आईसकट, रस्त्यावर येते. सारे घर एकाच पुरुषाच्या नावावर टांगून ठेवले की काय होते, हे सांगणारी ही आपली कथा 'डाउनटन'पेक्षा कितीतरी कमी खर्चात आणि अधिक धीटपणे सांगितली आहे.

पहिल्या पर्वाच्या शेवटी बागेत मेजवानी चालू असते. तारीख ४ ऑगस्ट १९१४. निरोप येतो आणि रॉबर्ट जाहीर करतो की जर्मनीशी युद्ध सुरू झाले आहे. टायटॅनिकने दोन वारस नेले होते; आता अशा घराण्यांचे तरुण फ्रान्सच्या खंदकांत जाणार आहेत. सगळा वाडा एका मुलावर उभा करण्याची पद्धत आणि तरुण मुले गिळणारे युद्ध यांची गाठ पडणार, हे त्या क्षणी प्रेक्षकाला जाणवते. मालिकेतला सर्वांत प्रामाणिक क्षण आम्हांला हाच वाटला. इंग्लंडनेही १९२५ च्या कायद्याने मृत्युपत्र नसताना थोरल्या मुलालाच जमीन मिळण्याचा नियम मोडला. किताब मात्र बहुतेक आजही मुलांकडेच जातात.

मालिका पाहावी असे आम्ही जरूर म्हणू. अभिनय, संवाद, वेशभूषा यांत ती फार वरच्या दर्जाची आहे, आणि मॅगी स्मिथ यांच्यासाठी तरी ती पाहावीच. मात्र वाडा वाचावा म्हणून आपला जीव टांगणीला लागतो तेव्हा क्षणभर थांबून विचारावे की तो कुणासाठी वाचायचा आहे. आणि एक सूचना, शिक्षकाच्या अधिकाराने. आपल्या शाळांतून दीनियातच्या तासाला विरासतीचे हुकूम तोंडपाठ करून घेतले जातात. ते गणिताच्या तासालाही यावेत. सातवी-आठवीच्या मुलीला चोवीस हिस्स्यांचे उदाहरण स्वतः सोडवता आले पाहिजे, वजाबाकीसकट. म्हणजे उद्या तिच्यापुढे कागद येईल तेव्हा ती सही करो वा न करो, आपण किती सोडतो आहोत हे तिला ठाऊक असेल.